इंग्लंडमध्ये राहताय: लग्न आणि बाप्तिस्मा इथल्या पॅरिश चर्चमध्ये, की गावाकडच्या मंडळीत?

नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये स्थिरावलेल्या मराठी ख्रिस्ती घरांत हा विषय हमखास निघतो. लग्न इथल्याच चर्चमध्ये लावायचं, की रजा काढून पुण्याला नाहीतर अहिल्यानगरला जायचं? पुढे बाळ झालं की बाप्तिस्म्यावरून तीच चर्चा पुन्हा रंगते. जोडीदार हिंदू किंवा इंग्रज असेल तर तिला आणखी फाटे फुटतात. व्हॉट्सअ‍ॅपवर सल्ले भरपूर मिळतात, पण त्यांत कायदा कुठला, चर्चची शिस्त कुठली आणि आत्याबाईंची हौस कुठली, हे काही कळत नाही. म्हणून इथं ते सुटं करून मांडतो. सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड, वेल्सचे नियम वेगळे.

सुरुवातीलाच एक भीती दूर करतो. ‘आपलं चर्च वेगळं, त्यांचं वेगळं, ते आपल्याला कसं चालेल?’ असं अनेक घरांत म्हणतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालं, तेव्हा भारतातलं अँग्लिकन चर्च त्यात विलीन झालं. पुण्याच्या पंचहौदची अँग्लिकन मंडळी आणि नगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतल्या मंडळ्या तेव्हापासून एकाच छपराखाली आहेत, आणि हे चर्च जागतिक अँग्लिकन परिवाराचं सभासद आहे, जसं इथल्या पॅरिश चर्चांचं चर्च ऑफ इंग्लंडही आहे. तिथला बाप्तिस्मा इथं चालतो, इथला तिथं चालतो.

लग्न: पॅरिश चर्चमध्ये तुमचा हक्क किती?

वाटतो त्यापेक्षा बराच जास्त. इंग्लंडमधला प्रत्येक पत्ता कुठल्या ना कुठल्या पॅरिशमध्ये, म्हणजे एखाद्या चर्चच्या हद्दीत, मोडतो. आपला कुठल्या, ते चर्च ऑफ इंग्लंडच्या ‘अ चर्च निअर यू’ या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की दिसतं. दोघांपैकी एक जण त्या पॅरिशमध्ये राहत असेल, तर तिथल्या चर्चमध्ये लग्न लावून घेण्याचा हक्क कायद्यानंच मिळतो. दर रविवारी हजेरी लागत नाही, बाप्तिस्मा झालेला असावा अशीही अट नाही. आपल्याकडे पाळक आधी ‘सभासदत्वाचा दाखला कुठाय?’ विचारतात, त्या सवयीनं आलेल्या माणसाला हे ऐकून नवल वाटतं.

घराजवळचं चर्च आवडत नसेल आणि दुसरंच हवं असेल, तर २००८ च्या एका चर्च कायद्यानं तीही सोय झाली आहे. त्या पॅरिशमध्ये तुम्ही कधीकाळी सहा महिने राहिला असाल, तितका काळ नेमानं उपासनेला जात असाल, तुमचा बाप्तिस्मा तिथं झाला असेल, किंवा आईवडलांचं नाहीतर आजीआजोबांचं लग्न तिथं लागलं असेल, तर तेवढं नातं पुरतं. इथंच जन्मलेल्या मराठी मुलामुलींना हे विशेष उपयोगी पडतं, कारण नोकरीसाठी लंडनला गेलेल्या मुलीला आईवडलांच्या गावच्या चर्चमध्ये लग्न करता येतं.

हक्काला अपवाद आहेत. घटस्फोट झालेला असेल आणि आधीचा जोडीदार हयात असेल, तर निर्णय व्हिकारचा, म्हणजे तिथल्या पाळकाचा. समलिंगी विवाह चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागत नाहीत. २०२३ पासून दोघांचंही वय १८ पूर्ण हवं. भारतात मुलाला २१ लागतात, हे लक्षात असू द्या.

दोघंही ब्रिटिश नागरिक असतील तर पुढचा मार्ग बॅन्सचा. तीन रविवारी उपासनेत दोघांची नावं वाचली जातात आणि ‘या लग्नाला कायद्यानं काही अडसर असल्याचं कुणाला ठाऊक असेल तर त्यानं आताच सांगावं’ असं विचारलं जातं. क्षणभर सगळे गप्प होतात, मागच्या बाकावर कुणीतरी मुद्दाम खोकतं, चार जण हसतात, आणि व्हिकार पुढच्या प्रार्थनेकडे वळतात. ‘गायकवाड’ हे नाव तीन रविवारी तीन तऱ्हांनी वाचलं जाण्याची तयारी ठेवा. दोघं वेगवेगळ्या पॅरिशमध्ये राहत असाल तर दोन्हीकडे बॅन्स वाचावे लागतात, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत लग्न लागायला हवं.

खरी मेख पासपोर्टमध्ये

आता ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे त्यांच्यासाठी. माझ्या मते निर्णय इथंच फिरतो, आणि नेमकं हेच कुणी आधी सांगत नाही.

दोघांपैकी एक जण जरी ब्रिटिश किंवा आयरिश नागरिक नसेल (युरोपीय लोकांचा सेटल्ड दर्जा हा अपवाद), तर बॅन्सचा मार्ग बंद. कायम वास्तव्याचा परवाना मिळालेला असला तरी बंदच. अशा वेळी दोघांनी मिळून रजिस्टर ऑफिसात जाऊन लग्नाची नोटीस द्यायची. त्याआधी किमान सात दिवस त्या-त्या भागात मुक्काम हवा. मग २८ दिवस थांबायचं. नोकरीच्या व्हिसावर असाल तर प्रकरण होम ऑफिसकडे जातं, आणि त्यांना चौकशी करावीशी वाटली तर २८ चे ७० दिवस होऊ शकतात. त्यानंतर जो दाखला मिळतो तो व्हिकारच्या हाती द्यायचा. तो नोटिशीपासून वर्षभर चालतो.

या नोटिशीत लग्नाची जागा लिहावी लागते. चर्च बदललं की नोटीस नव्यानं. म्हणून आधी व्हिकार, मग तारीख, मग नोटीस आणि सगळ्यांत शेवटी हॉल, असा क्रम ठेवा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. हॉलचा अ‍ॅडव्हान्स आधी भरला जातो आणि मग ७० दिवस मोजत बसावं लागतं.

जोडीदार भारतातून येणार असेल तर साध्या व्हिजिटर व्हिसावर इथं लग्न करता येत नाही. त्यासाठी मॅरेज व्हिजिटर व्हिसा असतो, आणि त्यावर लग्न करून परत जावं लागतं. इथंच राहायचं असेल तर त्याचा व्हिसा निराळा. हा सगळा द्राविडी प्राणायाम पाहिला की गावाकडचं लग्न एकदम सुटसुटीत वाटायला लागतं, आणि पुष्कळदा ते असतंही.

गावाकडे लावलं तर

तिकडचं लग्न १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लागतं. बिशपकडून दीक्षा मिळालेला पाळक ते लावू शकतो. वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात. इंग्लंडच्या पॅरिश चर्चमध्ये सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. साक्षीदार दोन्हीकडे दोनच पुरतात. कायद्यानं पक्कं लागलेलं हे लग्न इंग्लंडमध्येही मान्य असतं, इथं येऊन पुन्हा नोंदवावं लागत नाही.

अडचणी येतात त्या मंडळीच्या पातळीवर. परदेशी राहणाऱ्याकडे पाळक बहुधा बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) दाखला आणि सध्याच्या चर्चचं पत्र मागतात. ते मागितलं म्हणून चिडू नका; तुम्ही परगावी आहात, अविवाहित आहात की नाही हे त्यांनी कशावरून समजायचं? इथल्या व्हिकारशी ओळखच नसेल तर ते पत्र मिळवणं जड जातं. शिवाय पुढे व्हिसासाठी दाखला लागणारच, तेव्हा चर्चच्या रजिस्टरातल्या उताऱ्याबरोबर पालिकेच्या विवाहनोंदणीचा दाखलाही परतीच्या विमानाआधी काढून घ्या. तीन आठवड्यांच्या रजेत साखरपुडा, हळद, लग्न आणि पालिकेच्या चकरा असं सगळं बसवणं ही कसरतच आहे.

या बाजूनं सगळ्यांत वजनदार मुद्दा कागदाचा नाहीच, आजीआजोबांचा आहे. वयस्कर माणसांना व्हिसा काढून, दहा-अकरा तासांच्या विमानात बसवून आणायचं, तेही मार्चच्या थंडीत, जिथं दगडी चर्चमध्ये हीटरचे पैसे वेगळे पडतात. दोघांचीही घरं महाराष्ट्रात असतील तर मी सरळ सांगेन, गावाकडे करा.

आधी रजिस्टर ऑफिस, मग चर्च

तिसरा मार्गही पुष्कळ जण धरतात. रजिस्टर ऑफिसात नोंदणी विवाह करायचा आणि नंतर पॅरिश चर्चमध्ये प्रार्थना आणि समर्पणाची उपासना ठेवायची. रजिस्टर ऑफिसातल्या विधीत धार्मिक काही चालत नाही, स्तोत्र नाही की बायबलचं वाचन नाही. नंतरच्या उपासनेत ते सगळं येतं, पण ते लग्न नव्हे. जोडपं हातात हात घालून एकत्रच आत येतं, कारण ते आधीच नवराबायको झालेले असतात. वडलांनी मुलीचा हात धरून वेदीपर्यंत आणण्याचं दृश्य ज्यांना हवं आहे त्यांचा इथं विरस होतो.

यातलीच एक आवृत्ती धोक्याची आहे. ‘व्हिसासाठी इथं कोर्ट मॅरेज उरकू, डिसेंबरात गावी चर्चमध्ये खरं लग्न लावू.’ इथलं नोंदणी लग्न कायद्यानं पूर्ण लग्न आहे. त्यानंतर गावच्या रजिस्टरात ‘अविवाहित’ म्हणून सही करणं म्हणजे खोटं निवेदन. पाळकांना आधीच खरं सांगितलं तर ते आशीर्वादाची उपासना घेऊ शकतात. पोशाख तोच, केक तोच, जेवणही तेच. रजिस्टरात मात्र सही होत नाही, एवढंच.

जोडीदार हिंदू असेल तर

पॅरिशमध्ये राहत असाल तर व्हिकार धर्माच्या कारणावरून नाही म्हणू शकत नाहीत. मात्र शपथा ठरलेल्या शब्दांतच घ्याव्या लागतात आणि आशीर्वाद पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावानंच दिला जातो. हे जोडीदाराला प्रामाणिकपणे म्हणता येईल का, हे घरी आधी बोलून घ्या, व्हिकारच्या खोलीत नको. चर्चमधल्या विधीतच सप्तपदी मिसळता येत नाही. ती दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये खुशाल करा, पण नोंदणी नसलेल्या जागेत नुसत्या सप्तपदीनं इंग्लंडच्या कायद्यात लग्न लागत नाही. कायद्याचं लग्न चर्चमधलंच धरायचं. मराठी भजन, पेटी, तबला यांना व्हिकार बहुधा हसतमुखानं होकार देतात. फक्त आधी विचारा आणि शब्दांचा इंग्रजी अर्थ लिहून द्या.

गावाकडे १८७२ चा कायदा दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी लागू होतो, पण अशी लग्नं लावायला सगळे पाळक तयार होतातच असं नाही. मिश्र जोडप्यासाठी माझं मत स्वच्छ इंग्लंडच्या बाजूचं आहे.

पैशांबद्दल थोडक्यात. चर्चची मूळ फी देशभर एकच, दर वर्षी ठरणारी, काहीशे पौंडांत असते. ऑर्गन, घंटा, गायकवृंद, हीटर हे वरचं. पहिल्या भेटीतच आकडे लेखी मागा. विचारायला संकोच नको, रोजचाच व्यवहार आहे त्यांचा.

बाप्तिस्मा: इथं उत्तर सोपं आहे

लग्नाच्या मानानं हे प्रकरण साधं. १८७२ च्याच आणखी एका कायद्यानं इंग्लंडमध्ये बाप्तिस्म्याची फी बंद झाली, पैसे पडले तर फक्त दाखल्याचे. पॅरिशमधल्या बाळाला व्हिकार नकार देऊ शकत नाहीत. आईवडलांची तयारी करून घेण्यापुरतं थांबवू शकतात. आईवडलांचं लग्न झालेलं असण्याची अट नाही.

अडतं ते धर्मपित्या-धर्ममातांवर. नियमानं किमान तीन हवेत: दोन बाळाच्याच लिंगाचे, एक विरुद्ध. अगदीच जमलं नाही तर एक गॉडफादर आणि एक गॉडमदर चालतात. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला असलाच पाहिजे, त्याला सूट नाही. हिंदू मामाला गॉडफादर करायची इच्छा कितीही मनापासून असली तरी ते होत नाही. त्याला वाचन द्या, मेणबत्ती धरायला द्या, फोटोत मधोमध उभा करा.

विधी बहुधा रविवारच्या मुख्य उपासनेतच होतो. बाप्तिस्म्याचं दगडी पात्र पुष्कळ जुन्या चर्चांत दाराजवळच असतं. सुज्ञ व्हिकार त्यात ऐनवेळी किटलीतलं थोडं कोमट पाणी ओततात. कपाळावर क्रुसाची खूण होते, डोक्यावर तीनदा पाणी, आणि पुनरुत्थानाच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती घरी न्यायला मिळते. आजीनं पाठवलेलं पांढरं झबलं इथंही शोभतं.

बाप्तिस्मा एकदाच होतो. इथं केला की गावी पुन्हा नाही, आजोबांनी कितीही आग्रह धरला तरी. गावी गेल्यावर घरीच उपकारस्तुतीची सभा ठेवा, पाळकांना बोलवा, सगळ्यांना जेवू घाला. उलट, अजून ठरतच नसेल, किंवा मुलानं मोठं होऊन स्वतः ठरवावं असं वाटत असेल, तर चर्च ऑफ इंग्लंडमध्ये बाळाबद्दल उपकारस्तुतीची वेगळी उपासना आहे. तिच्यात पाणी नाही, धर्मपित्यांची सक्ती नाही, आणि पुढे बाप्तिस्म्याला आडकाठीही नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियातही बाल-बाप्तिस्मा आणि मोठेपणीचा बाप्तिस्मा असे दोन्ही मार्ग मान्य आहेत, कारण बॅप्टिस्ट आणि ब्रदरन मंडळ्याही १९७० च्या त्या एकीत होत्या. तेव्हा दुसरा मार्ग निवडला म्हणून गावी कुणी नाक मुरडू नये.

माझं म्हणणं, तुम्ही रविवारी जिथं जाता तिथं बाप्तिस्मा करा. त्या बाकांवरचीच माणसं पुढे मुलाला संडे स्कूलमध्ये शिकवणार आहेत. लग्नाचं जे गणित मांडलं ते इथं लावू नका.

शाळेच्या प्रवेशासाठी बाप्तिस्म्याची घाई करणाऱ्यांनी एक पाहून घ्यावं. चर्च ऑफ इंग्लंडच्या पुष्कळ शाळांत प्रवेश कौन्सिलच्या नियमांनी, म्हणजे मुख्यतः घराच्या अंतरावर होतो. जिथं धर्माचा निकष आहे तिथंही बहुतेकदा बाप्तिस्म्यापेक्षा उपासनेतल्या नियमित हजेरीचं पत्र मागतात. त्या-त्या शाळेचं प्रवेशधोरण तिच्या संकेतस्थळावर असतं, आधी ते वाचा. आणि रजिस्टरात बाळाचं नाव, वडलांचं मधलं नाव धरून, जन्मदाखल्यावर आहे अगदी तसंच लिहून घ्या.