चिपळुणात फायबरवरची लँडलाइन: जोडणी उत्तम, पण लाइट गेल्यावर काय?

आमच्या सासूबाई ८४ वर्षांच्या. मोबाइलच्या काचेवर बोट किती टेकवायचं ते त्यांना जमत नाही, ऐकायलाही कमी येतं. त्यांना हातात धरायला रिसीव्हर आणि दाबायला बटणं हवीत. तांब्याच्या तारेची जुनी लाइन २०२१ च्या पुरात गेली ती गेलीच. म्हणून या मे महिन्यात इंटरनेट आणि लँडलाइन असं दोन्ही मिळून फायबरचं कनेक्शन घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कोणाचंही फायबर घ्या, पुढचं सगळं उपयोगी पडेल.

आमची इमारत चार मजली, खाली स्टिल्ट पार्किंग. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. सोसायटीच्या परवानगीला दोनच दिवस लागले. चेअरमनांची अट एकच होती, बाहेरच्या भिंतीला नवीन भोक पाडायचं नाही, तार डक्टमधूनच न्यायची. पावसाळ्यात अशा भोकांतून पाणी कसं झिरपतं ते आम्ही भोगलंय, त्यामुळे अट मला पटली.

जोडणीला आलेला मुलगा जॉइंटचा डबा पार्किंगमध्ये, मीटरबोर्डाशेजारी ठोकायला निघाला. सगळीकडे तिथेच ठोकतात म्हणे. मी त्याला खांबावरची रेघ दाखवली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी तिथवर चढलं होतं, ती खूण आम्ही रंग देतानाही पुसू दिली नाही. त्याने एकदा रेघेकडे पाहिलं, काही न बोलता शिडी उचलली आणि डबा दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसवला. तार तेवढी जास्त लागली, पण त्याने एक पैसा वाढवून मागितला नाही. या डब्यातून आठ घरांना जोडणी देता येते. आमच्यानंतर तीन घरांनी घेतली.

पुढचं काम मी जिन्यात स्टूल टाकून पाहिलं. फायबरची काच, तिच्यावरच्या काचेच्याच आवरणासकट, १२५ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. वरचं प्लास्टिक सोलून त्याने ती स्पिरिटने पुसली, छोट्या यंत्रात सरळ कापली आणि दुसऱ्या यंत्रात दोन टोकं समोरासमोर ठेवली. पडद्यावर ती दोन जाड खांबांसारखी दिसत होती. एक ठिणगी पडली आणि मधली फट नाहीशी झाली. जोडावर बारीक नळी सरकवून त्याने ती गरम केली. सगळं मिळून पाच मिनिटांच्या आत.

मग घरात येऊन तारेतून येणाऱ्या प्रकाशाची ताकद मोजायचा मीटर लावला तर आकडा उणे २९ (डीबीएममध्ये). तो म्हणाला, "काकू, उणे सत्तावीसच्या खाली गेलं की लाल दिवा लागतो. कुठेतरी तार मोडून वळलीय." शोधल्यावर कळलं, खिडकीच्या कोपऱ्यात तार काटकोनात दाबली गेली होती. त्याने ती सोडवून बांगडीएवढं वळण दिलं आणि आकडा उणे २० वर आला. तुमच्याकडे जोडणी होईल तेव्हा हा आकडा विचारून लिहून ठेवा. पुढे कधी इंटरनेट रखडलं तर तार खराब झाली की राउटर, हे भांडायला तोच उपयोगी पडतो.

आता तक्रारीचं. कनेक्शन विकताना कार्यालयात एकानेही सांगितलं नाही की लाइट गेली की ही लँडलाइन बंद पडते. जुन्या तांब्याच्या लाइनला घरची वीज लागत नसे, एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांचे ४८ व्होल्ट त्याच तारेतून घरापर्यंत यायचे. काचेतून वीज येत नाही. फोन आता आपल्या घरातल्या राउटरच्या डब्याला जोडलेला, आणि डबा आपल्या प्लगला. जूनच्या पहिल्याच वादळी पावसात लाइट गेली आणि सासूबाई रिसीव्हर कानाला लावून "हॅलो, हॅलो" करत राहिल्या. मी त्या वेळी बाजारात होते. घरात एकटं म्हातारं माणूस आणि हातात मुका फोन, हे विकणाऱ्याला सांगावंसं वाटू नये याचा मला खरंच राग आला.

उपाय सोपा आहे. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. मला तो १,६०० रुपयांना पडला आणि आमच्याकडे साडेतीन तास चालतो. घेताना आपल्या डब्याच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. वाटेतल्या खांबांवरच्या डब्यांना वीज लागत नाही, त्यामुळे गल्लीतली लाइट गेली तरी लाइन चालू राहते. मात्र कंपनीच्या टोकाचं यंत्र विजेवरच चालतं. तिथली बॅटरी किती तास पुरते हे मी दोनदा विचारलं. "मॅडम, जनरेटर आहे" एवढंच उत्तर मिळालं, तास सांगितले नाहीत.

दुसरी तक्रार गच्चीवरच्या तारेची. ती नुसती पाइपाला गुंडाळून सोडलीय. तिसऱ्या आठवड्यात माकडांनी ओढली आणि दोन दिवस लाल दिवा. दुरुस्तीला तोच मुलगा आला, भर पावसात छत्री धरून जोड करून गेला. त्याच्या कामाला मी पूर्ण गुण देते.

खर्च असा: जोडणीचे १,५०० रुपये, प्लॅन ५९९ चा, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ७०७ रुपये. वेग १०० एमबीपीएस, राउटरच्या खोलीत पूर्ण मिळतो. आतल्या खोलीत निम्मा, कारण मधली भिंत जांभ्याची आहे. मुलगा पुण्याहून व्हिडिओ कॉल करतो तेव्हा आम्ही हॉलमध्येच बसतो.

गच्चीवरची तार पाइपातून न्यावी असा लेखी अर्ज जुलैच्या पहिल्या आठवड्यात दिलाय, पोच घेतलीय. अजून कोणी आलेलं नाही.