शाळेचं पथक की रविवारचा ग्रुप? दोन्हीकडे मुलं घालून पाहिल्यावर

जून उजाडला की सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या कॉलनीत दोन-तीन पालक तरी हा प्रश्न घेऊन येतात. मुलांना स्काउट-गाइडला घालायचं ठरलंय, पण शाळेतल्याच पथकात घालू की रविवारी भरणाऱ्या, कुठल्या एका शाळेच्या नसलेल्या ओपन ग्रुपला पाठवू? मी दोन्ही केलंय. थोरली लेक आणि तिच्या पाठचा मुलगा आधी दोन वर्षं शाळेच्या पथकात होते, आणि आता तीन वर्षं झाली, मिरजेच्या बाजूला रविवारी सकाळी भरणाऱ्या एका ओपन ग्रुपला जातात. मी स्वतः शाळेत असताना तृतीय सोपानापर्यंत (सोपान म्हणजे यातली चढती पायरी) गेलेला स्काउट. त्यामुळे माझा कल पुढे दिसेलच, तो लपवत नाही.

गणवेश, वचन, नियम, सोपान, बॅज यांची तुलना करत बसत नाही. दोन्हीकडे भारत स्काउट्स आणि गाइड्सचाच अभ्यासक्रम आहे आणि प्रवेशापासून राज्य पुरस्कारापर्यंतची वाट तीच आहे. खर्चातही मला तरी फारसा फरक जाणवला नाही, रविवारचं पेट्रोल तेवढं वाढतं. मोठ्या मुलांच्या बाबतीत कुणी रेल्वे भरतीतल्या स्काउट-गाइड कोट्याचा विषय काढतं. मिरज जंक्शनचं गाव असल्यामुळे हा कोटा इथे घरोघरी माहीत आहे. पण तिथे राष्ट्रपती पुरस्कारासारखी वरची पायरी लागते, आणि ती दोन्हीकडून गाठता येते. तेवढ्यावरून निवड करू नये असं मला वाटतं.

आम्हाला मुलांना यात घालायचंच होतं, त्याला कारण महापूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. माझी सासुरवाडी गावभागातली. सासूबाईंना माडीवरून होडीत उतरवलं ते गल्लीतल्याच पोरांनी, आणि त्यांच्या काखेखालून दोर बांधणारा पोरगा जुना स्काउट होता. त्याने मारलेली गाठ बोलाइन होती. हिचा फास कितीही ओढ बसली तरी आवळत नाही. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, ही गाठ आपल्या दोन्ही पोरांना यायला पाहिजे. दोघांना, असं म्हणाली ती.

म्हणून शाळेचं पथक. तिथे मुलग्यांच्या पथकाला चांगले सर होते. पथक चालवण्याचे बेसिक, ॲडव्हान्स दोन्ही कोर्स झालेले, मुलांत रमणारे. मुलींच्या गाइड पथकाच्या कॅप्टन बाईंची बदली झाली आणि नव्या बाईंवर ते काम टाकलं गेलं. त्यांचा बेसिक कोर्स झालेला नव्हता. तो सात दिवस मुक्कामी राहून करावा लागतो. त्यांच्या घरी दोन लहान मुलं, अंथरुणावर सासूबाई. त्यांना मी कधीच दोष दिला नाही, आजही देत नाही.

पण त्याचा परिणाम माझ्या लेकीवर काय झाला ते सांगतो, कारण आमचा निर्णय त्यावरच झाला. नोव्हेंबरात मुलग्यांचा हाइक दंडोबाच्या डोंगरावर गेला. धाकटा संध्याकाळी परत आला तो गुडघ्यांना लाल माती लावून, अंगाला धुराचा वास घेऊन. खिचडी करपली होती, तरी दोन वाट्या खाल्ली म्हणाला. लेक त्याच दिवशी शाळेच्या फाटकात औक्षणाचं तबक घेऊन उभी होती. पाहुणे यायचे होते, आणि पाहुण्यांचं स्वागत गाइडांकडे असतं. त्यांचा हाइक ‘पुढे ढकलला आहे’ अशी चिठ्ठी आली होती. दोन वर्षांत ती चिठ्ठी तीनदा आली. रांगोळी, औक्षण, पुष्पगुच्छ देणं, व्यासपीठाच्या कडेला उभं राहणं हे मात्र एकदाही पुढे ढकललं गेलं नाही.

त्या रात्री तिने भावाला क्लोव हिच नावाची गाठ दाखवायला सांगितली. गॅलरीच्या ग्रिलला त्याने अर्धी गाठ मारून दाखवली, आणि खालून मित्राने हाक मारली म्हणून तो पळाला. ही तिथेच दोरीचं टोक हातात धरून उभी राहिली. आम्ही दोघं आतून बघत होतो. पुढच्या महिन्यात मी ओपन ग्रुपची चौकशी केली.

नियमाचा भाग समजून घेतला पाहिजे, नाहीतर राग भलत्यावर निघतो. आपल्याकडे मुलगे स्काउट, मुली गाइड. संघटना एक, पथकं वेगळी. गाइड पथकाची कॅप्टन स्त्रीच असते. मुक्कामाच्या शिबिरात मुलींसोबत बाई हवीच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण लहान मुलग्यांच्या कब पथकाला बाई चालतात, नव्हे, बऱ्याच ठिकाणी त्याच ते चालवतात. मुलींच्या पथकाला मात्र बाई मिळाल्या नाहीत तर दुसरी वाटच उरत नाही. मुलींनी हाइकला जाऊ नये असं कोणत्याही नियमात लिहिलेलं नाही. तरी ज्या शाळेत प्रशिक्षित बाई नाहीत तिथे त्या जात नाहीत.

इथे कुणीतरी परंपरेचा मुद्दा काढतंच. पहिल्यापासून असंच आहे, मुलामुलींचं वेगळंच बरं, असं. मला ही परंपरा प्रिय आहे. डाव्या हाताचं हस्तांदोलन, शेकोटीभोवतीची गाणी, शिट्टी वाजताच नालाकृती रांगेत उभं राहणं, यातलं काहीही बदलावं असं मला वाटत नाही. पण ‘पहिल्यापासून’ म्हणजे कधीपासून? भारतात १९०९ साली बंगळूरला पहिलं पथक निघालं तेव्हा ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतं होतं. आपल्या पोरांना त्यात जागाच नव्हती. मग ॲनी बेझंट यांनी मद्रासेत आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादेत आपल्या मुलांसाठी पथकं उभी केली. वेगवेगळ्या संघटना एक होऊन ७ नोव्हेंबर १९५० ला आजची संघटना झाली, आणि मुलींची गाइड संघटना १९५१ साली तिच्यात आली. दार उघडावं लागलं, ते उघडलं, म्हणून तर माझ्यासारखा सांगलीचा पोरगा त्या रांगेत उभा राहू शकला.

बाहेर तर बदल अजून चालूच आहेत. इंग्लंडमध्ये १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या मेळाव्याला मुली कुणी न बोलावता स्काउट म्हणून हजर झाल्या. त्यातून पुढच्या वर्षी त्यांची वेगळी गाइड संघटना निघाली. त्याच देशात १९९१ पासून ज्या स्काउट पथकांची तयारी होती त्यांनी मुली घ्यायला सुरुवात केली, आणि २००७ पासून ते सगळ्यांनाच लागू झालं. अमेरिकेतल्या बॉय स्काउट्सनी मुख्य विभागात मुलींना २०१९ साली घेतलं, आणि २०२५ मध्ये संघटनेच्या नावातला ‘बॉय’ काढून टाकला. मात्र तिथेही सुरुवातीला मुलींची तुकडी वेगळीच ठेवली होती. आपण मागे आणि ते पुढे, इतकं ते सरळ नाही. आपल्याकडे दोघं एका छपराखाली सत्तर वर्षांहून जास्त काळ आहेत. छप्पर एक आणि दारं दोन, एवढंच.

आणि एकत्र मैदान ही आपल्या भागाला काही परकी गोष्ट नाही. १९४१ साली सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर मुलगे-मुली एकत्रच कवायत करत. आमच्या आत्या कुंडलकडच्या. शाखेवर मुलग्यांच्या बरोबरीने लेझीम खेळल्याचं त्या अजून सांगतात. शेजारच्या साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची, तिथेही आता मुली आहेत.

आता ओपन ग्रुप. तो चालवतात एक निवृत्त सर आणि बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई. ताई प्रशिक्षित गाइड कॅप्टन आहेत, आणि दर रविवारी हजर असतात. दोन्ही पथकं वेगळी, पण मैदान एक, वेळ एक, हाइकचा दिवस एक. तीन वर्षांत मुलींचा हाइक एकदाही रद्द झालेला नाही. सागरेश्वरला गेलो तेव्हा पाऊस आला, तरी दोन्ही पथकं भिजत चालली.

मला एक गोष्ट अनपेक्षित होती. सुरुवातीला मी ताईंना म्हणालो, एवढं सगळं एकत्र आहे तर पथकातले छोटे गट, म्हणजे संघही मिसळूनच करा की. त्यांनी नाही म्हटलं नाही. दंडोबाच्या एका हाइकला त्यांनी तंबू उभारायला मिसळून गट केले आणि मला शांतपणे बघायला सांगितलं. दहा मिनिटांत हातोडा मुलग्यांकडे होता आणि मुली दोर सोडवून त्यांच्या हातात देत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप झालं. दुपारनंतर ताईंनी संघ पुन्हा वेगळे केले. मुलींचा तंबू मुलींनीच ठोकला, वेळ जास्त लागला, पण रात्रभर हलला नाही. माझी लेक त्या संघाची संघनायिका होती. तेव्हापासून वेगळ्या पथकांबद्दलचं माझं मत बदललं. मुलींना स्वतःचा संघ असू दे, फक्त तो त्याच दिवशी, त्याच डोंगरावर गेला पाहिजे. निदान दहा-बारा वर्षांच्या वयात तरी मला हेच बरं वाटतं, पुढे कदाचित वेगळं असेल.

मिरजेकडच्या ग्रुपचा आणखी एक फायदा, थोडक्यात सांगतो. वचनात ‘ईश्वर’ शब्द आहे, पण ज्याला हवं त्याने त्याऐवजी ‘धर्म’ म्हणावं अशी सोय संघटनेनेच ठेवलेली आहे. शाळेच्या पथकात मला हे कुणी सांगितलेलं आठवत नाही. सगळे एका सुरात म्हणायचे आणि संपलं. इथे सरांनी दीक्षाविधीच्या आधी प्रत्येक मुलाला विचारलं. दर्ग्याजवळ राहणारी दोन मुलं आहेत, एका मुलाचं घर देव न मानणारं आहे, आणि सर्वधर्म प्रार्थनेला सगळे डोळे मिटून उभे असतात. माझ्या मुलाने घरी येऊन विचारलं, बाबा, ईश्वर आणि धर्म यात फरक काय? रात्रीचं जेवण त्या चर्चेत गार झालं.

एवढं सांगून झालं तरी शाळेच्या पथकाची एक बाजू फार जड आहे, आणि ती मी दाबून ठेवणार नाही. शाळेच्या पथकात वर्गातलं कुणीही येऊ शकतं. ज्याचा बाप मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांची हमाली करतो तोही येतो, ऊसतोडीच्या हंगामात चार महिने गायब होणारी पोरगीही परत आल्यावर येते. तास शाळेच्या वेळेतच असतो, कुणाला सोडायला-आणायला लागत नाही. ओपन ग्रुपला रविवारी सकाळी सव्वासातला पोचवायला घरात गाडी आणि मोकळा माणूस लागतो. आमच्या ग्रुपमध्ये मुली आहेत, सगळ्या धर्मांची मुलं आहेत, पण हमालाचं पोर नाही. ताईंनी जवळच्या वस्तीतून मुलं आणायचा प्रयत्न केला. दोन आली, परीक्षेनंतर थांबली. माझा मुलगा शाळेच्या पथकात ज्या मित्रासोबत खरी कमाईच्या, म्हणजे छोटी कामं करून पैसे मिळवायच्या, आठवड्यात भेळ विकायला बसायचा, तो मित्र इथे नाही. हे मला दर रविवारी टोचतं.

शिवाय शाळेतले सर मुलाला रोज बघतात. कुणाचं घरी बिनसलंय, कुणाला चष्मा लागलाय, हे त्यांना कळतं. रविवारच्या दोन तासांत तेवढं कळत नाही.

तेव्हा तुम्हाला फक्त मुलगाच असेल आणि शाळेतले सर चांगले असतील, तर शाळेचं पथक सोडायचं काही कारण मला दिसत नाही. मुलगी असेल तर प्रवेशाच्या आधी शाळेत दोन गोष्टी विचारा. गाइड कॅप्टनचा बेसिक कोर्स झालाय का, आणि गेल्या वर्षी गाइडांचे किती हाइक प्रत्यक्षात निघाले. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यातच मागा. उत्तर चांगलं आलं तर तिथेच घाला, लेक शेजारच्या मैत्रिणींबरोबर चालत जाईल, याहून बरं काय. उत्तर ‘या वर्षी नक्की नेऊ’ असं आलं, तर मात्र मी तरी वाट बघत बसणार नाही.

आमच्याकडे येणार असाल तर शिट्टी साडेसातला होते, पंधरा मिनिटं आधी या. आणि शेजारच्या वस्तीतलं एखादं मूल यायला तयार असेल तर माझ्या गाडीवर मागे एक जागा आहे. लेक आता सायकलनेच जाते.