कार्डाची थकबाकी मिटवायला सोनं तारण ठेवावं की पर्सनल लोन घ्यावं?

क्रेडिट कार्डावर दीड लाख थकलेत आणि दर महिन्याला ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बँकेनं ठरवलेली किमान रक्कम, भरून वेळ मारून नेली जातेय, अशा घरासाठी हा हिशेब आहे. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज होतं ५,२५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ९४५. पाच टक्के मिनिमम भरला तर ७,५०० मधले जेमतेम तेराशे मुद्दलात जातात. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, किराणा भरला त्या दिवसापासून व्याज सुरू. तेव्हा कमी व्याजाचं कर्ज काढून हे मिटवायचं, यात दुमत नसावं. प्रश्न आहे तो कुठलं कर्ज, एवढाच.

कागदावर सोनेतारण सरळ जिंकतं. बँकेत साडेनऊ टक्के धरा, पर्सनल लोनला चौदा. सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचे गुण, घसरलेला असला तरी सोन्यावर कर्ज मिळतं, पगाराच्या स्लिपा फारसं कुणी मागत नाही आणि बहुतेक वेळा तासाभरात पैसे खात्यात येतात. वजन मात्र निव्वळ धरतात: मंगळसूत्रातले काळे मणी, खडे, लाख सगळं वजा. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, पण वर्षअखेरीला एकरकमी फेडायच्या, म्हणजे ‘बुलेट’ कर्जात ती मर्यादा व्याज धरून मोजतात. साडेनऊ टक्क्यांनी हातात येतात सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर टक्केच.

एक गोष्ट काउंटरवर सहसा कुणी सांगत नाही. सगळे दागिने एकाच पाकिटात सीलबंद झाले की मधेच एक पाटली लग्नासाठी काढून द्या म्हणून भागत नाही, बहुतेक ठिकाणी आधी पूर्ण कर्ज बंद करावं लागतं. म्हणून दोन वेगळी कर्जं, दोन वेगळ्या पावत्या करून घ्याव्यात. खासगी फायनान्स कंपन्यांच्या जाहिरातीतला कमी दर पुष्कळदा व्याज दर महिन्याला भरलं तरच लागू असतो. दोन-तीन महिने राहिलं की दर वरच्या पायरीवर जातो.

पण माझं मत फिरलं ते यांपैकी कशानं नाही. सोनेतारणाला सहसा हप्ता नसतो, या एका गोष्टीनं फिरलं. ज्या घराचं कार्ड थकलं, त्या घरात महिनाअखेरीला आपणहून पैसे बाजूला पडत नाहीत, हे तर आधीच दिसलेलं आहे. अशा घराला ‘वर्षानं एकदम भरा’ सांगितलं की वर्षानं १,६४,२५० रुपये उभे राहत नाहीत. मग व्याजाचे १४,२५० भरून नूतनीकरण होतं. तोवर सोन्याचा भाव वाढलेला असला तर काउंटरवरूनच विचारणा होते: याच दागिन्यांवर आणखी तीस-चाळीस हजार मिळतायत, देऊ का? नको म्हणणारे थोडे. तो मोह सोडला तरी दोन वर्षांत व्याज गेलं २८,५०० आणि दीड लाख मुद्दल तिथंच.

आता पर्सनल लोन बघा. दीड लाख, चौदा टक्के, चोवीस महिने. हप्ता ७,२०२, एकूण व्याज २२,८४८, दोन टक्के प्रोसेसिंग फी जीएसटीसह ३,५४०. म्हणजे साधारण २६,४०० खर्च आणि शेवटी कर्ज शून्य. महाग कर्ज स्वस्त पडलं, कारण ५ तारखेला हप्ता आपोआप खात्यातून वळता होतो आणि रोज उठून ठरवावं लागत नाही. खात्यात पैसे नसल्यानं हप्ता परत गेला तर मात्र कर्ज देणारा आणि आपली बँक असे दोन्हीकडून दंड बसतात. म्हणून तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांची मागून घ्यावी.

जाच इथेही आहेच. कर्जातूनच विम्याचा हप्ता कापून घेतात, दीड लाख मंजूर होतात आणि खात्यात कमी येतात. विमा नको असेल तर सही करण्याआधी तसं लेखी द्यावं. व्याज फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच, की घटत्या शिलकीवर, हे विचारावंच. फ्लॅट नऊ टक्के म्हणजे दोन वर्षांच्या कर्जाला घटत्या शिलकीचे साधारण साडेसोळा. ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना किरकोळ कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावंच लागतं. त्यातला ‘एपीआर’, म्हणजे व्याजासोबत फी वगैरे धरून पडणारा वार्षिक दर, हा एकच आकडा दोन ठिकाणच्या कागदांवर ताडून पाहावा.

मुदतीआधी फेडण्याचा आकार ही दुसरी कुरकुर. वर्षानं शिल्लक राहतात सुमारे ८०,२००. त्यावर चार टक्के आणि जीएसटी म्हणजे जवळपास ३,८००, आणि वाचणारं व्याज ६,२००. निव्वळ बचत चोवीसशे. त्यासाठी बोनस आला तसा सगळा ओतून खातं रिकामं करणं मला पटत नाही. पुढच्या महिन्यात स्कूटरचं इंजिन उघडावं लागलं की पुन्हा कार्डच बाहेर येतं.

सोनंच ठेवायचं असेल, किंवा स्कोअरमुळे दुसरा इलाजच नसेल, तर ‘मासिक हप्त्याचं सोनेतारण’ असं स्पष्ट मागावं. काही बँका देतात, फक्त न विचारता समोर बुलेटचाच फॉर्म येतो. साडेनऊ टक्क्यांनी चोवीस महिन्यांचा हप्ता ६,८८७, एकूण व्याज १५,३०० च्या आत. हे मिळत असेल आणि दागिने ज्यांचे त्यांची मनापासून संमती असेल, तर माझा वरचा सगळा युक्तिवाद बराच ढिला पडतो, हे मान्य.

पैसे हाती आल्यावर कार्डाच्या स्टेटमेंटवरचा आकडा भरू नये, कस्टमर केअरकडून त्या दिवसाची संपूर्ण देय रक्कम घ्यावी. कार्डावर ईएमआय चालू असतील तर ते वेगळे बंद करायला सांगावेत. स्टेटमेंट निघाल्यापासून भरण्यापर्यंतचं व्याज पुढच्या महिन्यात येतंच, ते पाच-सातशे समजून दुर्लक्ष केलं की उशिराचा दंड सुरू. मग ॲपमधून कार्डाची मर्यादा वीस हजारांवर आणावी. कार्ड बंदच करायचं असेल तर बाकी शून्य झाल्यावर अर्ज द्यावा. सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये भरपाई मिळते.

बचत कर्ज संपल्यावर सुरू करू, असं बहुतेक जण म्हणतात. मी पहिल्या हप्त्याबरोबरच हजार रुपयांची आरडी लावायला सांगेन, बँकेत आणि एका वर्षाची. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांआधी मोडता येत नाही, अडीअडचणीच्या पैशाला ती जमत नाही. चोविसावा हप्ता गेला की त्याच ५ तारखेला ७,२०० ची दुसरी आरडी लावून टाकावी. वर्षाला ८६,४०० मुद्दल जमतं, आणि खात्याला त्या दिवशी तेवढे पैसे जाण्याची सवय आधीच झालेली असते.