कँटोनीजचा ‘शे’ आणि ‘आहे’: वर्ड्स डॉट एचके हा कोश

जळगावहून हाँगकाँगला दागिन्यांच्या खरेदीला जाणाऱ्याने अदबीच्या कँटोनीजसाठी एकच कोश मोबाइलमध्ये ठेवायचा, तर हा ठेवावा. एक तर फुकट आहे. शिवाय शब्द लेखी वळणाचा असेल तर तशी खूण असते, आणि काही उदाहरणवाक्यांशेजारी त्यांचं लेखी रूपही मिळतं.

अहिराणी घरातल्या माणसाला हे चटकन कळेल. ओट्यावर ‘शे’, अर्जात ‘आहे’. तसंच कँटोनीजमध्ये बोलताना ‘है’, लिहिताना ‘सी’. नकार बोलताना ‘म्’, लिहिताना ‘पत्’. नवशिके फसतात ते इथेच. अदब दाखवायची म्हणून ‘सी’, ‘पत्’ तोंडी वापरतात आणि समोरच्याला वाटतं, हा कागद वाचतोय. अदबीच्या बोलण्यातही ‘है’ आणि ‘म्’ जागचे हलत नाहीत, बदलतात ती नामं, क्रियापदं आणि मोजणीचे शब्द. संडासला ‘छी-सो’ न म्हणता ‘सै-सौ-कान’ म्हणायचं. गिऱ्हाइकं मोजताना आकड्यामागे लागणाऱ्या साध्या ‘को’च्या जागी मानाचा ‘वै’. आडनाव विचारायचं ‘क्वै-सिंग’ असं, पण स्वतःचं सांगताना मानाचा ‘क्वै’ गाळायचा.

उच्चार ज्युटपिंगमध्ये दिलेत. हाँगकाँगच्या भाषाशास्त्र संस्थेने 1993 साली ठरवलेली ही रोमन पद्धत. इंग्रजीच्या सवयीने वाचलंत तर सगळं बिघडेल. यातले बी, डी, जी म्हणजे आपले प, त, क. टी, के म्हणजे थ, ख. जे म्हणजे य. झेड म्हणजे ‘चांगला’मधला च, जो हिंदीवाल्यांना जड जातो.

शेवटचा 1 ते 6 आकडा सुराचा. तो पाठ न करणं सराफाला परवडणार नाही: ‘माय’ पाचव्या सुरात विकत घेणं, सहाव्यात विकणं! इथे औपचारिक जोडशब्द कामी येतात. घेणं ‘खौ-माय’, विकणं ‘छत-सौ’. बोलताना जरा जड वाटतील, पण घोळ होत नाही.

अडचण अशी की अर्थ कँटोनीज आणि इंग्रजीत आहेत, मराठीत नाहीत. खूणही प्रत्येक शब्दाला नसते; नसली म्हणजे शब्द कुठेही चालतो असं धरू नका, आधी उदाहरणं वाचा. वहीत बोली आणि लेखी असे दोन रकाने पाडून प्रत्येक शब्दापुढे सुराचा आकडा लिहा. ऑर्डरचं पत्र मात्र या कोशावरून जुळवू नका. सुटे शब्द बरोबर असूनही वाक्य बोलीतलंच राहतं; ते तिथल्या जाणकाराकडून तपासून घ्या.