सेलेनियम: ताटातलं की गोळीतलं?
थायरॉइडच्या टी-४ या हार्मोनचं जास्त प्रभावी टी-३ करणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) सेलेनियम हे खनिज लागतं, म्हणून थायरॉइडचा रिपोर्ट हाती पडला की अनेकांचा हात गोळीकडे जातो. पण मोठ्या माणसाची रोजची गरज जेमतेम ४० ते ५५ मायक्रोग्रॅम. दोन उकडलेली अंडी, बांगड्याची एक तुकडी, वाटीभर डाळ. बहुतेकांचं एवढ्यात भागतं. ब्राझील नटचे एकदोन दाणे पुरेत, मूठभर नकोच.

गोळी बहुधा २०० मायक्रोग्रॅमची. ग्रेव्हज आजारात (यात थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करतं) डोळ्यांना सौम्य त्रास असेल, तर सहा महिन्यांच्या कोर्सचा फायदा २०११च्या युरोपीय चाचणीत दिसला. तिथे गोळीला अर्थ आहे. मनानेच घेऊ नका. अती झालं की केस गळतात, नखं ठिसूळ होतात, आणि माणूस ते थायरॉइडचंच समजतो.