दहा तारांचा सिटर्न, लालबागच्या दोन खोल्यांत

चार महिन्यांत देतो म्हणाला आणि लावले सात. वसईकडच्या त्या कारागिराला फोन करणंही मी सोडून दिलं होतं. पण वाद्य मांडीवर आलं, पहिली नखी फिरली आणि निम्मा राग तिथेच उतरला. ६२ हजार मोजलेत, त्यामुळे उरलेला निम्मा इथे लिहिते.

सिटर्न तसं युरोपातलं जुनं, धातूच्या तारांचं वाद्य. आयरिश-स्कॉटिश मंडळी आज वाजवतात तो घाट मात्र १९७०च्या दशकात इंग्लंडच्या स्टेफन सोबेल या वाद्यकारागिराने रुळवला. पाच जोड्या, दहा तारा. माझ्याची वरची फळी स्प्रूस लाकडाची, पाठ शिसवाची. आवाज मेंडोलिनपेक्षा भारदस्त, गिटारपेक्षा झणझणीत. तारा डी-जी-डी-ए-डी लावते, म्हणजे सा-म-सा-प-सा. एका जोडीवर चाल वाजवायची, बाकीच्या तंबोऱ्यासारख्या घुमत राहतात. परवा डोरियन या पाश्चात्त्य स्वरमालेतली एक जिग, म्हणजे आयरिश नाचाची धून, घोळवत होते. शेजारचे आजोबा दारातूनच म्हणाले, "काय गं, काफी का? दादऱ्यात?" बरोबर ओळखलं त्यांनी. डोरियनचे सूर काफी थाटाचेच आणि जिगच्या मात्राही सहा.

आता रडगाणं. मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीवर तारा ज्या खाचांत बसतात, त्यातल्या सर्वांत जाड जोडीच्या खाचा अरुंद कोरल्यात. खुंटी पिळली की तार अडकते आणि मग 'टक्' करून सूर भलतीकडे उडी मारतो. खाचेत शिसपेन्सिल घासून सध्या भागवतेय, पण हे काम त्याचं होतं. दुसरं, टेलपीस, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवायचा भाग, फक्त टोकाला फास असलेल्या तारांचा. दहा तारांचा संच मला मुंबईत कुठे मिळाला नाही, म्हणून गिटारच्या सुट्या तारा घ्यायच्या आणि टोकाचा पितळी मणी पकडीने चेपून काढायचा. मागे फास उरतो. पहिल्या दिवशी तीन तारा वाया घालवल्या.

जुलैत दमट हवेने फळी फुगली, तारा पडद्यांपासून वर गेल्या. घोडीखाली उंची कमी-जास्त करायची दोन चाकं दिलीत, ती अर्धा-अर्धा फेरा खाली घेतली आणि काम झालं. इथे मात्र त्याला पैकीच्या पैकी.

ऑर्डर देणार असाल तर टेलपीस गिटारच्या तारांचा सांगा, खाचा समोर बसून तपासा आणि तो सांगेल त्या तारखेला गणपतीत वाजवायचं कुणाला कबूल करू नका. मी केलं होतं.