एनपीएम कोर्स करावा का? १८ महिने शिकून आणि ९ महिने वापरून झाल्यावर

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली नर्स. सरकारी नोकरीला १४ वर्षं झाली, त्यातली ११ लेबर रूममध्ये गेली. कोर्सची ऑर्डर आली तेव्हा वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "सिस्टर, आता तुम्हाला बाळंतपण कोण शिकवणार?" तोंडावर हसले, पण मनातून मलाही तसंच वाटत होतं. आपल्या रजिस्ट्रेशनवर आरएनआरएम (नोंदणीकृत नर्स, नोंदणीकृत मिडवाइफ म्हणजे प्रसूतिसेविका) लिहिलेलं असतंच, म्हणजे कागदोपत्री आपण आधीपासून मिडवाइफ. वर एसबीएचं (कुशल बाळंतपण सेवेचं) २१ दिवसांचं ट्रेनिंग झालेलं, दक्षता या सरकारी सुरक्षित बाळंतपणाच्या कार्यक्रमाचं ३ दिवसांचं झालेलं. मग हे दीड वर्ष कशासाठी?

नवीन वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात. एनपीएम म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने मिडवाइफरी सेवांच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातून आजचा हा कार्यक्रम उभा राहिला. १८ महिन्यांचा रेसिडेन्सी कोर्स आहे: आधी वर्षभर शिक्षण, मग ६ महिने प्रत्यक्ष काम. जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग, चालू रजिस्ट्रेशन, डिलिव्हरीचा किमान २ वर्षांचा अनुभव आणि वय ४५ च्या आत, या अटी. ज्या बाईला आणि बाळाला काही धोका दिसत नाही, तिचं बाळंतपण मिडवाइफने आपल्या जबाबदारीवर सांभाळावं आणि डॉक्टरने अडलेल्या केसकडे बघावं, असा सगळा हेतू. हेतूमागचं कारण आकड्यांत दिसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली आहेत आणि २५.४ टक्के सिझर आहेत. देशभरातल्या खासगी दवाखान्यांत तर ४७.४ टक्के. म्हणजे बायका दवाखान्यात पोचल्या. पोचल्यावर त्यांचं काय होतं, हा पुढचा प्रश्न.

संस्थेचं नाव मी लिहिणार नाही. खाली तक्रारीही आहेत.

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. शिकवणाऱ्या मॅडमनी मला एका पहिलटकरणीजवळ स्टूल दिलं आणि म्हणाल्या, "दोन तास इथून उठायचं नाही. बीपी, नाडी आणि अर्ध्या तासाने एफएचएस (बाळाचे ठोके). पीव्ही (आतून तपासणी) नाही, ड्रिप नाही, ओरडणं नाही." मला वाटलं, परीक्षा घेतायत. आमच्याकडे एका वेळी तीन टेबलं भरलेली असायची. बाई आली की पीव्ही, एनिमा, सलाईन, सलाईनमध्ये कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन, हे हात आपोआप करायचे. स्टूलवर पहिली वीस मिनिटं मला काय करावं तेच कळेना. मोबाइलही बाहेर ठेवलेला. मग हळूहळू दिसायला लागलं. कळ येण्याआधी ती खांदे वर घ्यायची. सुरुवातीला दोन कळांच्या मधे आईशी बोलत होती, तासाभराने बोलणं थांबलं, पुढे तिचा आवाज घशातून खाली, पोटातून यायला लागला. मॅडमनी विचारलं, पिशवीचं तोंड किती उघडलं असेल? मी अंदाजाने सात सेंटिमीटर म्हटलं. तपासलं तर सातच. ११ वर्षांत हात न लावता मी कधी सांगितलं नव्हतं, कारण तसा प्रयत्नच केला नव्हता.

या कोर्सचा सगळ्यात महाग भाग हाच आहे आणि तो पुस्तकातून मिळत नाही. घाईवर आपलं सगळं लेबर रूम उभं आहे, आणि त्या घाईला इतिहास आहे. १९५० च्या दशकात फ्रीडमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने बाळंतपणाचा आलेख काढला, तिथून पिशवीचं तोंड 'तासाला एक सेंटिमीटर' उघडायला हवं हा हिशेब जगभर गेला. आपल्या पार्टोग्राफची (बाळंतपणाच्या प्रगतीच्या तक्त्याची) अलर्ट लाइन, म्हणजे सावध करणारी रेषा, त्याच चालीने चढते, ४ सेंटिमीटरपासून. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की कळांचा जोराचा टप्पा ५ पासून धरा, आणि तासाला एक हा वेग सगळ्या बायकांकडून मागू नका. २०२० मध्ये त्यांनी पार्टोग्राफच्या जागी लेबर केअर गाइड आणलं. त्यात बाईसोबत कोणी आहे का, ती पाणी पितेय का, कोणत्या स्थितीत आहे, याच्या रकान्यांनाच सुरुवातीला जागा आहे. पहिल्यांदा भरताना मला हसू आलं होतं. पाणी प्यायली का हेही लिहायचं? आता तो रकाना रिकामा दिसला की मी ड्यूटीवरच्या पोरींना टोकते.

एपिबद्दल (एपिसिओटॉमी, बाळ बाहेर येताना खाली दिला जाणारा काप) लिहायला जड जातं. पहिलटकरीण म्हणजे एपि, हे मी शिकले तसंच वर्षानुवर्षं केलं. 'फाटण्यापेक्षा कापलेलं बरं' हे वाक्य मी स्वतः विद्यार्थिनींना सांगितलेलं आहे. सरसकट एपि देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि कोर्समध्ये ते हातांना शिकवतात: कोमट पाण्याचं फडकं पेरिनियमवर (योनी आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागावर) धरायचं, डोकं हळू येऊ द्यायचं, बाईला कुशीवर झोपवायचं किंवा गुडघ्या-हातांवर घ्यायचं, शेवटच्या क्षणी 'जोर लाव, जोर लाव' असा गोंगाट करायचा नाही. चौथ्या महिन्यात माझ्या हातून पहिलटकरणीची टाका न पडता डिलिव्हरी झाली. वार पडली, पूर्ण आहे ते बघितलं, खाली तपासलं, पुन्हा तपासलं. मग स्लूस रूममध्ये जाऊन रडले. आनंदाने म्हणावं तर तसंही नाही. आधीच्या सगळ्या जणी आठवत होत्या.

प्रात्यक्षिकं चांगली होती. मामा नताली म्हणून एक सिम्युलेटर मिळतं, एक जण ते पोटाला बांधून बाळंतीण होते आणि बाकीच्यांनी पीपीएच (बाळंतपणानंतरचा जास्तीचा रक्तस्राव) सांभाळायचा. आमच्या बॅचमधली एक जण इतकी हुबेहूब ओरडायची की एकदा बाहेरचा वॉचमन धावत आला. झटक्यांसाठी मॅगसल्फचा लोडिंग (पहिला) डोस, बाळाचा खांदा अडकला तर मॅकरॉबर्ट्स (मांड्या पोटाकडे दाबायची रीत), रक्त थांबवायला कंडोम बलून, रक्त खुणा असलेल्या पिशवीत मोजणं, हे इतक्या वेळा करून घेतलं की झोपेत विचारलं तरी सांगेन. पूर्वी आम्ही रक्त डोळ्यांनी मोजायचो, आणि डोळे नेहमी कमी सांगतात.

आता न आवडलेलं. लेक्चर, नोट्स, पेपर सगळं इंग्रजीत. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, वय ३८, शेवटची परीक्षा दिली त्याला दीड दशक झालेलं. पहिले तीन महिने मी रात्री शब्दकोश घेऊन बसत होते. प्रोजेक्टसाठी आम्हाला जवळपास कोणी मार्गदर्शक नव्हता, शेवटी एका तरुण ट्यूटरने दया येऊन मदत केली. लॉगबुक (आपण केलेल्या डिलिव्हरींची नोंदवही) ही वेगळीच लढाई. त्याच लेबर रूममध्ये पीजीचे डॉक्टर, इंटर्न, बी.एस्सी.च्या मुली आणि आम्ही, सगळ्यांना डिलिव्हरी हवी. रात्रपाळी मागून घेतली तरच आकडा भरायचा. आणि शेवटच्या ६ महिन्यांत संस्थेने आम्हाला बिनदिक्कत स्टाफ म्हणून वापरलं. दोन आठवडे मी पोस्टनेटल (बाळंतपणानंतरच्या) वॉर्डात नुसती इंजेक्शनं दिली. तक्रार केली तर उत्तर मिळालं, "तेही मिडवाइफरीतच येतं." येतं, खरं आहे. पण दोन आठवडे?

हॉस्टेलवर एका खोलीत चौघी. पगार चालू होता म्हणून निभावलं, पण लेक सहावीत होती आणि नवरा शिफ्टची नोकरी करतो. सासूबाईंनी घर सांभाळलं. त्यांची स्वतःची चार बाळंतपणं गावच्या सुईणीने केलेली. मी फोनवर उकिडवं बसण्याबद्दल, कंबर चोळण्याबद्दल सांगायला लागले की त्या म्हणायच्या, "अगं, एवढं शिकायला सरकारने तुला शहरात पाठवलं?" सुईणीकडे मॅगसल्फ नव्हतं, आणि अडली तर पुढे काही नव्हतं, हे मी त्यांना सांगते. पण सोबत बसायचं कसं, हे तिला येत होतं आणि मला नव्हतं.

परत आल्यावरचे ९ महिने. पहिले दोन मी मेल मेडिकल वॉर्डात काढले. होय, १८ महिने मिडवाइफरी शिकून. स्टाफ कमी होता, ऑर्डरवर 'लेबर रूम' हा शब्द नव्हता. मेट्रनला दोष देत नाही, त्यांच्यापुढे पाळ्यांचा तक्ता होता. तीन अर्ज केल्यावर लेबर रूम मिळाली. आमच्याकडे मिडवाइफच्या ताब्यातलं वेगळं युनिट नाही. एका कोपऱ्यात पडदा, जमिनीवर गादी, एक बॉल आणि ठोके ऐकायचं डॉपलर एवढाच संसार. बॉल मी स्वतःच्या पैशाने आणला.

एक केस सांगते, कारण त्यात दोन्ही बाजू येतात. पहिलटकरीण, दिवस भरलेले, पाणी गेलेलं नाही, ५ सेंटिमीटर. चार तासांनी ६. जुनी मी असते तर ड्रिप तासाभरातच लागली असती. बीपी ठीक, ठोके ठीक, डोकं खाली येत होतं. तिला उठवलं, चालवलं, सासूला कंबर दाबायला शिकवलं. (बर्थ कंपॅनियनला, म्हणजे बाळंतपणात सोबत थांबणाऱ्या बाईला, २०१६ पासून परवानगी आहे, तरी आमच्याकडे अजून 'नातेवाईक बाहेर' ही पाटी आहे.) मेडिकल ऑफिसर मॅडम आल्या, "ड्रिप का नाही अजून?" मी लेबर केअर गाइडचा कागद पुढे केला. त्यांनी वाचला, काही बोलल्या नाहीत, पण तासाने पुन्हा आल्या. पुढे अडीच तासांत कुशीवर डिलिव्हरी झाली, बाळ लगेच आईच्या छातीवर, नाळ ठोके थांबल्यावर कापली. तिसऱ्या दिवशी मॅडमनी स्वतःहून तो कागद मागून घेतला.

त्याच महिन्यातली दुसरी. तीही पहिलटकरीण, तीही सुरुवातीला अगदी छान. ८ सेंटिमीटरला पाणी गेलं, ते हिरवं आणि दाट. ठोके कळेनंतर ११० च्या खाली जायला लागले आणि लवकर वर येईनात. मी १०८ ला फोन करायला सांगितलं, तिला डाव्या कुशीवर घेतलं, जिल्हा रुग्णालयात आधी फोन लावला आणि सोबत गेले. सिझर झालं, बाळ रडलं. नातेवाईक म्हणाले, "तुम्ही तर नॉर्मल करणार होता." याचं उत्तर कोर्समध्ये कोणी शिकवलेलं नाही. पण वाट बघणं कधी संपवायचं, हे मात्र तिथेच पक्कं झालं. नुसती वाट बघायला शिकवणारा कोर्स असता तर मी तो धोकादायक म्हटला असता.

मला सारखे येणारे प्रश्न. पैसे वाढतात का? माझे वाढले नाहीत. माझ्या ऑर्डरवर अजूनही 'अधिपरिचारिका' आहे. जुन्या नर्सिंग कौन्सिलच्या १९४७ च्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये आलेल्या कायद्याच्या नावातच मिडवाइफरी आहे. माझ्या पगाराच्या स्लिपपर्यंत ती पोचलेली नाही. एम.एस्सी. करू की हे? माझ्या मैत्रिणीने ओबीजीत (प्रसूती आणि स्त्रीरोग नर्सिंगमध्ये) दोन वर्षांची एम.एस्सी. केली, ती आता कॉलेजात शिकवते आणि सुखात आहे. शिकवायचं असेल तर तिची वाट धरा. हात बाईजवळ ठेवायचे असतील तरच इकडे या. परदेशात चालतं का? थेट नाही. अमेरिकेत नर्स-मिडवाइफला तिथल्या मान्यताप्राप्त कार्यक्रमाची पदव्युत्तर पदवी आणि वेगळी परीक्षा लागते. इंग्लंडमध्ये मिडवाइफचं रजिस्टर नर्सपेक्षा वेगळं आहे, त्याची परीक्षाही वेगळी. व्हिसाच्या आशेने हे दीड वर्ष घालवू नका.

गुण द्यायचेच तर शिकवण्याला पाचपैकी साडेचार. राहणं-खाणं दोन. परत आल्यावर जे मिळतं त्याला दीड, तोही अर्धा गुण त्या मेडिकल ऑफिसर मॅडममुळे.

मी पुन्हा जाईन का? जाईन. पण एकटी नाही. एका दवाखान्यातून एकच जण गेली तर परत आल्यावर तिच्या पाळीतच फरक पडतो. मी ड्यूटीवर नसते तेव्हा गादी गुंडाळून कपाटावर जाते आणि सगळ्या पुन्हा टेबलावर उताण्या. दोघी-तिघी एकत्र जा. आणि निघण्याआधी, गाडीत बसण्याआधी, परत आल्यावर लेबर रूममध्येच नेमणूक, असं लेखी घ्या. तोंडी आश्वासन चालत नाही, मी घेऊन बघितलंय. त्या ऑर्डरच्या तीन झेरॉक्स काढा. एक घरी, एक आस्थापना विभागातल्या फाईलला, आणि एक मेट्रनच्या टेबलाच्या काचेखाली.